वैऱ्यांविषयीची वचने शेजारी ठेवून वाचताना: यूव्हर्जन अ‍ॅप कुठे पुरते, कुठे अपुरे पडते

मत्तय ५:४४ मध्ये येशू वैऱ्यांवर प्रीती करायला आणि छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगतो. स्तोत्र १३७ च्या शेवटच्या ओवीत बाबेलची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटले आहे. अभ्यासवर्गात हा विषय निघतो तेव्हा आज बहुतेकांच्या हातात छापील पवित्र शास्त्राऐवजी फोन असतो आणि फोनवर यूव्हर्जनचे बायबल अ‍ॅप. त्या अ‍ॅपची पारख इथे एवढ्या एकाच कामापुरती केली आहे: वैऱ्यांशी कसे वागावे याविषयीची एकमेकांना अडणारी वचने शोधणे, शेजारी ठेवणे आणि मागच्यापुढच्या मजकुरासह वाचणे. रोजच्या वाचनासाठी किंवा ऐकण्यासाठी ते कसे आहे, हा प्रश्न इथे घेतलेला नाही.

निकाल आधी सांगतो. वचन माहीत असेल तर ते उघडून पाहायला अ‍ॅप उत्तम आहे. वचन माहीत नसेल तर शोधायला कच्चे आहे. आणि एकेक ओवी सुटी करून दाखवण्याची त्याची सवय या विषयाला सर्वांत जास्त बाधते, कारण इथला सगळा ताण पुढच्या-मागच्या ओव्यांत असतो.

अ‍ॅप फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफचर्च या मंडळीने ते २००८ साली आणले. मराठीत बायबल सोसायटी ऑफ इंडियाची प्रचलित आवृत्ती, बिब्लिकाची मराठी समकालीन आवृत्ती आणि इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन या तिन्ही मिळतात. बायबल टॅबमध्ये अध्यायाच्या नावाशेजारी आवृत्तीचे लघुनाव दिसते, त्यावर टिचकी मारली की यादी उघडते. ज्या आवृत्तीसमोर डाउनलोडची खूण असेल ती उतरवून ठेवावी. वर्ग तळघरातल्या सभागृहात किंवा रेंज नसलेल्या गावी असेल तर ऐनवेळी पान उघडत नाही आणि चर्चा थांबते. ही खूण प्रत्येक आवृत्तीला नसते, कारण परवानगी प्रकाशकाच्या हाती असते.

ओवीवर बोट ठेवले की खाली पट्टी येते, तीत ‘कंपेअर’ हा पर्याय आहे. त्यातून तीच ओवी अनेक आवृत्त्यांत एकाखाली एक वाचता येते. पण ही तुलना एका ओवीची वेगवेगळ्या भाषांतरांशी आहे. आपल्याला हवी असते ती एका वचनाची दुसऱ्या वचनाशी, आणि ती सोय फोनवर नाही. यावर उपाय म्हणजे लॅपटॉपवर बायबल डॉट कॉम दोन खिडक्यांत उघडणे: डावीकडे स्तोत्र १३७, उजवीकडे यिर्मया २९. संकेतस्थळावरचा ‘पॅरलल’ हा पर्याय यासाठी कामाचा नाही, तो एकच अध्याय दोन आवृत्त्यांत दाखवतो.

आता शोध. शोधपेटीत ‘वैरी’ लिहिले की मोजकी वचने येतात आणि वाटते की एवढीच असतील. मराठीत नामाला विभक्ती लागली की रूप बदलते: वैरी, वैऱ्याला, वैऱ्यांवर. अक्षरे जुळवून चालणाऱ्या शोधाला ही रूपे एकच आहेत हे कळत नाही. त्यात संगणकाची एक अडचण आहे. ‘वैऱ्या’ मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एकात खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, आतले संकेत मात्र वेगळे असतात. आपला कीबोर्ड एक वापरत असेल आणि आवृत्ती दुसरा, तर समोर असलेले वचनही हाती लागत नाही. म्हणून ‘वैऱ्यांवर’ टंकू नये. एखादे सापडलेले वचन उघडून त्यातला शब्द कॉपी करून शोधपेटीत टाकावा. मग ‘शत्रू’, ‘शत्रूं’, ‘द्वेष’, ‘सूड’, ‘छळ’ असे वेगवेगळे शोध घ्यावेत. शोध निवडलेल्या आवृत्तीपुरताच चालतो, तेव्हा आवृत्ती बदलून तेच पुन्हा करावे.

इतके करूनही अर्धे काम राहते, कारण या विषयातली सर्वांत वजनदार वचने शत्रू हा शब्द न घेता येतात. स्तोत्र १३७ च्या नवव्या ओवीत तो नाही. योनाच्या चौथ्या अध्यायात निनवे वाचली म्हणून संदेष्टा रागावतो, तिथेही नाही. लूक ९:५४ मध्ये याकोब आणि योहान शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडू का असे विचारतात, तिथेही नाही. त्यामुळे यादी आधी कागदावर करावी आणि अ‍ॅप फक्त उघडण्यासाठी वापरावे.

यादी करताना एक सोपी वाटणारी विभागणी टाळावी: जुना करार म्हणजे सूड आणि नवा म्हणजे प्रीती. ती पहिल्याच तासाला कोसळते. शत्रूचा बैल किंवा गाढव चुकलेले दिसले तर परत नेऊन दे, द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडले असेल तर मदत कर, ही आज्ञा निर्गम २३:४-५ मध्ये आहे. शत्रू भुकेला असेल तर त्याला खाऊ घाल, हे नीतिसूत्रे २५:२१ मध्ये आहे. ईयोब ३१:२९-३० मध्ये ईयोब शपथेवर सांगतो की द्वेष करणाऱ्याच्या नाशाने आपल्याला आनंद झाला नाही. उलट वधलेल्यांचे आत्मे आमच्या रक्ताचा सूड कधी घेशील असे वेदीखालून विचारतात ते प्रकटीकरण ६:१० मध्ये, म्हणजे नव्या करारात. २ तीमथ्य ४:१४ मध्ये पौल आलेक्सांद्र तांबटाविषयी म्हणतो की प्रभू त्याला त्याच्या कर्मांप्रमाणे फळ देईल. दोनच ओव्या पुढे, आपल्याला सोडून गेलेल्यांविषयी तो म्हणतो की हे त्यांच्या हिशेबी धरले जाऊ नये. एका पत्रात, एका परिच्छेदात, एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही आहेत. दोन करारांच्या मध्ये रेघ ओढणाऱ्याला या परिच्छेदाचे काय करायचे ते सांगता येत नाही.

सर्वांत जास्त वेळ द्यावा अशी जोडी स्तोत्र १३७ आणि यिर्मया २९ ही आहे. लोक तेच, शत्रू तोच, काळही जवळपास तोच: बाबेलचा बंदिवास, इ. स. पूर्व सहावे शतक. स्तोत्रात बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणे आहे आणि शेवटी परतफेडीची भयंकर इच्छा आहे. यिर्मयाचे पत्र बंदिवानांना सांगते की घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी परमेश्वराची प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचे कल्याण आहे (२९:७). इथपर्यंत वाचून यिर्मयाला शांतीचा संदेष्टा ठरवले की अभ्यास फसला. त्याच पुस्तकाचे ५० आणि ५१ हे अध्याय बाबेलवरच्या न्यायाने भरलेले आहेत आणि ५१:५६ मध्ये परमेश्वराला प्रतिफळ देणारा देव म्हटले आहे. नगरासाठी प्रार्थना करणे आणि त्या नगराच्या जुलमाचा न्याय व्हावा असे म्हणणे हे दोन्ही एका पुस्तकाने बाळगले आहे. हे तीन भाग सलग वाचून घेतले तर वर्गातली चर्चा खोल जाते. अ‍ॅपमध्ये ते तीन वेगळे पत्ते आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायला दुवा नाही. बुकमार्कला लेबल देता येते, ते इथे वापरावे: तिन्हींना ‘बाबेल’ असे एकच लेबल द्या, म्हणजे यादीत ते एकत्र दिसतील. त्यासाठी खाते उघडावे लागते.

अध्यायाची भिंत हा अ‍ॅपचा दुसरा मोठा तोटा. छापील पानावर बारावा अध्याय संपून तेरावा सुरू झालेला डोळ्यांना दिसतो, अ‍ॅपमध्ये पडदा संपतो. रोमकरांस पत्राचा १२ वा अध्याय वाईटाला बऱ्याने जिंकण्याच्या सूचनेने संपतो आणि वर्ग तिथे थांबतो. अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकातली आहे, पौलाची नाही. १२:१९ मध्ये सूड घेऊ नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या असे आहे. पाचसहा ओव्यांनंतर १३:४ मध्ये अधिकारी तलवार धारण करतो आणि वाईट करणाऱ्यावर क्रोध आणणारा देवाचा सेवक आहे असे येते. क्रोध आणि सूड हे दोन्ही विषय भिंतीच्या पलीकडे चालू राहतात. व्यक्तीने सोडलेला सूड पौल सत्तेच्या हाती देतो का, आणि ती सत्ताच छळ करू लागली तर काय, हा खरा प्रश्न इथे उभा राहतो. सलग वाचले नाही तर तो सुचतच नाही. १२:२० मध्ये पौल नीतिसूत्रांतली विस्तवाच्या निखाऱ्यांची ओळ घेतो, पण परमेश्वर तुला प्रतिफळ देईल ही तिची शेवटची ओळ घेत नाही. तीही दोन खिडक्या उघडल्यावरच लक्षात येते.

असाच घात २ राजे ६ मध्ये होतो, तोही अध्यायाच्या आतच. शोमरोनात अडकलेल्या अरामी सैन्याला मारू का असे राजा विचारतो. अलीशा संदेष्टा म्हणतो, त्यांना जेवू घाल. मोठी मेजवानी होते, सैन्य परत जाते आणि २३ व्या ओवीत सांगितले आहे की अरामी टोळ्या इस्राएलात पुन्हा आल्या नाहीत. संदेशासाठी हा फार सुंदर उतारा आहे. २४ व्या ओवीत अरामाचा राजा बेन-हदाद सगळे सैन्य जमवून शोमरोनला वेढा घालतो आणि पुढे दुष्काळ इतका पडतो की आया आपली मुले खातात. मजकूर स्वतःच वाचकाला सांगतो आहे की दया दाखवल्याने वैर कायमचे मिटतेच असे नाही. तरी दया करावी का? वर्गात हा प्रश्न विचारण्याआधी २४ ते ३१ या ओव्या मोठ्याने वाचून घ्याव्यात.

अनुवाद आणि यहोशवा यांतल्या संहाराच्या आज्ञांवर अनेक जण गडबडीने पुढे सरकतात. तिथे घाई करू नये. अनुवाद २०:१० दूरच्या नगरांना आधी शांतीचा प्रस्ताव द्यायला सांगते. २०:१६ कनानातल्या नगरांत श्वास घेणारे काहीही जिवंत ठेवू नका म्हणते. ७:२ मध्ये त्यांचा समूळ नाश करा असे आहे आणि लगेच ७:३ मध्ये त्यांच्याशी सोयरीक करू नका. नाश झालेल्यांशी सोयरीक कशी होणार, हा प्रश्न मजकुरातूनच उठतो. यहोशवा १०:४० म्हणते कोणी उरले नाही, शास्ते पहिल्या अध्यायात उरलेल्यांची गावानिशी यादी आहे. १ शमुवेल १५ मध्ये अमालेक्यांचा संहार होतो, तर ३० व्या अध्यायात अमालेकी सिकलाग जाळतात आणि १ इतिहास ४:४३ मध्ये त्यांचा शेष पुन्हा मारला जातो. युद्धवर्णनातली ‘सर्व’ ही भाषा अक्षरशः घ्यायची की त्या काळच्या विजयलेखांची रीत म्हणून, हा वाद या विसंगतींवर उभा आहे. पण रीत म्हटल्याने आज्ञेतली हिंसा पुसली जात नाही, हेही वर्गाला तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

अमालेकाचा धागा ख्रिस्ती अभ्यासापुरता नाही. अनुवाद २५:१७-१९ हा उतारा पुरीम या यहुदी सणाच्या आधीच्या शब्बाथाला सभास्थानात वाचतात, त्याला जोडून १ शमुवेल १५ वाचतात आणि पुरीमला एस्तेर. एस्तेरमधला यहुद्यांचा वैरी हामान याला ३:१ मध्ये अगागी म्हटले आहे आणि अगाग हा १ शमुवेल १५ मधला अमालेक्यांचा राजा, त्यामुळे तिन्हींचा दुवा पक्का होतो. वर्गात कोणी बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, शेजारी असेल तर हा वाचनक्रम त्यांच्याकडून जरूर समजून घ्यावा. ही वचने त्यांच्याकडे वर्षाच्या ठरावीक दिवशी, ठरावीक शेजाराने येतात, आणि तसा शेजार या अ‍ॅपमध्ये कुठेच मिळत नाही.

शापस्तोत्रांसाठी, म्हणजे शत्रूंवर शाप मागणाऱ्या स्तोत्रांसाठी, आधी स्तोत्र ६९ निवडावे, १०९ त्यानंतर. कारण ६९ दोन्ही बाजूंनी ओढते. २१ व्या ओवीतली आंब शुभवर्तमानांतल्या वधस्तंभाच्या वर्णनात येते. लगेच २२ व्या ओवीपासून शाप सुरू होतात. नवा करार ते शापही उचलतो: ६९:२२-२३ रोमकरांस ११:९-१० मध्ये, ६९:२५ प्रेषितांची कृत्ये १:२० मध्ये येशूला धरून देणाऱ्या यहूदाविषयी, त्याच ओवीत १०९:८ च्या जोडीने. म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखाचे स्तोत्र आणि शापाचे स्तोत्र एकच आहे, आणि नव्या कराराच्या लेखकांनी ते कापून वापरलेले नाही. कॅथलिक चर्चने मात्र १९७१ च्या सुधारित प्रार्थनाविधीत ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे पूर्ण वगळली आणि इतर काहींच्या ओव्या गाळल्या. विधीच्या मार्गदर्शक सूचनेतच त्याचे कारण मानसिक अडचण असे दिले आहे आणि नव्या करारातही असे शाप प्रार्थनेत आहेत, याची कबुली प्रकटीकरण ६:१० चा दाखला देऊन दिली आहे. आमच्या मते वगळणे चूक. छळ झालेल्या माणसाला आपला राग देवापुढे मांडायला शब्द लागतात आणि ते शब्द तलवारीऐवजी प्रार्थनेत जातात हीच या स्तोत्रांची मोठी सोय आहे. पण प्रामाणिक कबुली देऊन वगळणे हे न सांगता वगळण्यापेक्षा कितीतरी बरे. अ‍ॅपमधल्या वाचन-योजना निवडताना हेच तपासावे: योजनेच्या दिवसवार यादीत स्तोत्र १३९ पूर्ण आहे की १८ व्या ओवीला थांबते? १९ ते २२ मध्ये द्वेष आहे आणि २३-२४ मध्ये, हे देवा, माझे अंतःकरण पारखून पाहा अशी विनवणी. मधल्या चार ओव्या गाळल्या की त्या विनवणीची गरजच कळेनाशी होते.

हस्तलिखितांच्या प्रश्नासाठी मात्र यूव्हर्जन सोडून स्टेप बायबलकडे जावे. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचे हे संकेतस्थळ फुकट आहे, खाते लागत नाही, आणि संगणकावर उतरवून ऑफलाइनही चालते. उतारा उघडून केजेव्ही (किंग जेम्स) आणि ईएसव्ही (इंग्लिश स्टँडर्ड) या इंग्रजी भाषांतरांचे दोन स्तंभ शेजारी लावा, इंग्रजी पुरेशी आहे. तीन ठिकाणी फरक दिसेल किंवा टीप सापडेल. मत्तय ५:४४ मधला शाप देणाऱ्यांना आशीर्वाद देण्याचा भाग सिनायटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाही, पण तोच आशय लूक ६:२७-२८ मध्ये निर्विवाद आहे, तेव्हा शिकवण उणी होत नाही. लूक ९:५५-५६ मध्ये येशू शिष्यांना धमकावतो एवढे पक्के आहे. मनुष्याचा पुत्र नाश करायला नव्हे तर तारायला आला, हे त्यापुढचे स्पष्टीकरण जुन्या हस्तलिखितांत नाही. लूक २३:३४ मधली ‘हे बापा, ह्यांना क्षमा कर’ ही प्रार्थना व्हॅटिकानसमध्ये नाही, सिनायटिकसच्या मूळ लेखनात आहे, आणि तिच्यावर अजून वाद आहे. स्तेफनाच्या तोंडची तशीच प्रार्थना (कृत्ये ७:६०) अशा वादात नाही. मराठी आवृत्तीत त्या जागी कंस किंवा तळटीप आहे का, ते वर्गाआधी पाहून ठेवावे. नाहीतर कोणी तरी अचानक विचारते आणि शिकवणारा गोंधळतो.

स्टेपमध्ये हिब्रू स्तंभ लावलात तर काही स्तोत्रांचे ओवीक्रमांक एकाने पुढे सरकतात, कारण हिब्रूत शीर्षकाला ओवी धरतात. ६९:२२ तिथे ६९:२३ असते. १०९, १३७ आणि १३९ यांत हा फरक येत नाही.

आडवे संदर्भ हवे असतील तर ‘ट्रेझरी ऑफ स्क्रिप्चर नॉलेज’ ही एकोणिसाव्या शतकातली संदर्भसूची ब्लू लेटर बायबलवर आहे. मत्तय ५:४३ मध्ये ‘वैऱ्याचा द्वेष कर’ असे जे सांगितलेले तुम्ही ऐकले आहे म्हटले आहे, ते वाक्य नियमशास्त्रात कुठेच नाही. लेवीय १९:१८ मध्ये फक्त शेजाऱ्यावरची प्रीती आहे. मग ऐकले कुठे? ही सूची निर्गम १७, अनुवाद २३:६ आणि २५:१७, स्तोत्र १३९:२१-२२ इथे बोट दाखवते. तिच्या काळी मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या प्राचीन यहुदी गुंडाळ्या सापडायच्या होत्या. १९४७ च्या सुमारास हाती आलेल्या तिथल्या समाजनियमात, म्हणजे पंथाच्या नियमपुस्तकात, प्रकाशाच्या पुत्रांवर प्रीती आणि अंधाराच्या पुत्रांचा द्वेष अशी शिकवण आहे. येशू तिच्याकडेच निर्देश करतो हे सिद्ध नाही, पण अशी शिकवण त्या काळी होती एवढे नक्की.

वर्गासाठी छापील कागद काढायचा असेल तर मजकूर इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जनमधून घ्यावा. तिचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे, श्रेय देऊन आणि त्याच अटींवर वाटता येतो. इतर आवृत्त्यांचे लांब उतारे छापण्याआधी प्रकाशकाची परवानगी पाहावी. ए-फोर कागद आडवा धरून दोन रकाने करा, टंक १२ पेक्षा लहान नको, आणि प्रत्येक उताऱ्याच्या आधीच्या व नंतरच्या किमान पाच ओव्या ठेवा. दीड तासात तीन जोड्या पुरतात: बाबेलची, रोमकरांस १२-१३ ची आणि अलीशाची. संहाराच्या आज्ञांना वेगळी बैठक द्यावी. अ‍ॅपमधल्या नोट्स लिहिताना त्या ‘प्रायव्हेट’ आहेत ना ते एकदा बघावे. या विषयावर लोक आपल्या खऱ्या वैऱ्यांची नावे लिहितात.